पेशीचा वाकडा हात

९ जानेवारी

ताई,

फोनच करणार होते. पण या दोन खोल्यांत फोनवर बोलायचं म्हणजे भिंतींना कान असतात, आणि मला मध्येच रडू आलं की तू तिकडे घाबरून जातेस. म्हणून लिहिते.

टिल्लूच्या अंगावर परत फोड आलेत. या वेळी तोंडात, ओठांवर आणि डाव्या डोळ्याच्या कडेला. ताप उतरतो आणि पुन्हा चढतो. इथले डॉक्टर म्हणाले, "चार वर्षांच्या पोराला कुठे नागीण होते? उष्णता असेल." मी मान डोलावली. मलम दिलंय, ते लावते.

पण मला सारखी चिऊ आठवते. तिलाही आधी असेच फोड यायचे आणि आम्ही म्हणायचो, पोर नाजूक कातडीची आहे. मग त्या कांजिण्या आल्या. गल्लीतल्या सगळ्या पोरांना झाल्या, आणि सगळी पोरं खाजवत खाजवत पुन्हा खेळायला लागली. आपलीच तेवढी गेली.

हे फारसं बोलत नाहीत. काचेच्या भट्टीवरून येतात, जेवतात, झोपतात. टिल्लू कण्हायला लागला की माझ्याकडे बघतात, आणि त्या बघण्यात काय असतं ते मला कळतं. एकदाच म्हणाले, "याला तरी कुणाच्या घरी नेऊ नकोस." सासूबाई तर चिऊ गेल्यापासून माझ्याशी बोलतच नाहीत. काही हवं असलं तर टिल्लूला म्हणतात, "तुझ्या आईला सांग." दोन वर्षं झाली, एका शेगडीपुढे आम्ही दोघी मुक्यानं स्वयंपाक करतोय.

तू त्या मोठ्या हॉस्पिटलात दिवसभर लोकांचं रक्त तपासतेस. टिल्लूचं तपासशील?

धाकटी


१७ जानेवारी

धाकटे,

विचारतेस काय? मिळेल त्या गाडीनं निघ. माझी खोली लहान आहे, पण तू आणि टिल्लू पलंगावर, मी खाली. माझी पाठ तशीही खालीच बरी असते. आमच्या विभागाच्या डॉक्टरीणबाईंशी बोलून ठेवलंय. बाई तोंडाच्या फटकळ आहेत, पण लहान पोराची शीर त्यांना पहिल्याच टोचणीला सापडते. ते मलम बंद कर. डोळा लाल झाला तर एक दिवसही थांबू नकोस.

आता तुझ्या सासूबाईंबद्दल. मी तेव्हा आले होते ना, सगळं पाहिलं. चिऊला खाली ठेवलेलं, तू भिंतीला टेकून बसलेली, आणि त्या बाई तुझ्याकडे पाठ करून. जमलेल्या बायका कुजबुजत होत्या, "आईनंच नेलं म्हणे कांजिण्यांच्या घरी." त्यांनी एकीलाही गप्प केलं नाही. काही माणसं बोलून मारतात आणि काही न बोलता. तू सोसतेस म्हणून त्यांचं चालतं. ये तू, मग बोलू.

ताई


२ मार्च

धाकटे,

तुला गाडीत बसवताना मी डोळ्याबद्दल पूर्ण सांगितलं नाही. टिल्लूच्या डाव्या बुबुळावरचा पांढरा डाग जाणार नाही. त्या डोळ्याला उजेड-अंधार कळेल, त्यापलीकडे काही नाही. उजवा ठणठणीत आहे. लिहिणं, वाचणं, पळणं सगळं होईल. हे तुझ्या तोंडावर सांगायचा मला धीर झाला नाही.

आता रक्ताचं. सावकाश वाच, आणि भाऊजींनाही वाचून दाखव.

आपल्या रक्तात काही पांढऱ्या पेशी असतात, त्यांना मारक पेशी म्हणतात. विषाणू शिरलेली पेशी दिसली की तिला धरायचं आणि तिथल्या तिथे संपवायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांच्या पृष्ठभागावर रिसेप्टर असतात. पेशीनं बाहेर काढलेले हातच म्हण. त्यातल्या एकाचं नाव सीडी सोळा. मी त्या हाताला चिकटणारा रंग रक्तात घालते, मग यंत्रातून एकेक पेशी लेझरसमोरून जाते आणि रंग चिकटला असेल तर चमकते.

टिल्लूच्या पेशी चमकल्याच नाहीत. मला वाटलं, रंग खराब झालाय. माझंच रक्त घालून पाहिलं, ते व्यवस्थित चमकलं. म्हणजे याला तो हातच नाही, असं मी बाईंना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "घाई नको. दुसरा रंग लावून बघ." हा दुसरा रंग त्याच हाताला चिकटतो, पण वेगळ्या जागी. तो लावला आणि सगळ्या पेशी चमकल्या. म्हणजे हात आहे, पण टोकाशी वाकडा. पेशी भरपूर आहेत, समोरच्याला धरून मारायचं बळ मात्र त्यांच्यात नाही. त्यामुळे नागीण, कांजिण्या, ओठांवरचे फोड या जातीचे विषाणू त्याच्या अंगात मोकाट सुटतात.

हे जन्मतः असतं. अर्धं आईकडून येतं, अर्धं बापाकडून, आणि दोन्ही अर्धी एकत्र आली तरच त्रास होतो. तुझंही रक्त मी लावलं होतं. तुझ्या पेशी चमकल्या, पण इतरांच्या निम्म्यानं. बाकीचं निम्मं भाऊजींकडचं असणार. तुमची घराणी मागे कुठेतरी एक झाली असतील. त्यांचं रक्त मिळालं की नक्की सांगता येईल.

चिऊचं रक्त आपल्याकडे नाही. पण बाईंना शंका नाही आणि मलाही नाही. कांजिण्या तिला त्या घरी झाल्या नसत्या तर शाळेत झाल्या असत्या. तुझा दोष नव्हता, धाकटे. कधीच नव्हता.

टिल्लूला गोळी रोज द्यायची, एक दिवसही चुकवायची नाही. आजूबाजूला कांजिण्या निघाल्या तर त्याला घरात ठेव, आणि अंगावर एक जरी फोड दिसला तर थेट इथे आण.

ताई


११ मार्च

ताई,

तुझं पत्र मोरीत बसून वाचलं, नळ सोडून. डोळ्याचं मला कळलं होतं. टिल्लू हल्ली मान वाकडी करून बघतो.

तुझा दोष नव्हता, हे वाक्य मी किती वेळा वाचलं. तुला वाटेल मी हलकी झाले असेन. तसं झालं नाही. का ते कधीतरी सांगेन.

ह्यांना वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्याकडची माणसं भट्टीसमोर उभी राहून म्हातारी झाली. आमचं रक्त कसलं तपासताय?" मी म्हटलं, "निम्मं माझं आहेच की. मी कुठे नाही म्हणते?" तर म्हणाले, "मग तेवढ्यावर भागवा," आणि पांघरूण ओढून झोपले. मला राग आला नाही. भीती वाटली की माणूस असा अडून बसतो.

सासूबाईंना अजून काहीच सांगितलेलं नाही. कसं सांगावं तेच सुचत नाही.

आणखी एक. मला चौथा महिना चालू आहे. तिथे असतानाच शंका होती, पण तुला बोलले नाही, तू ओरडली असतीस. आता ओरड.

धाकटी


१८ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

आमची आई असती तर हे तिनं लिहिलं असतं. ती नाही, म्हणून मोठ्या बहिणीनं लिहायचं.

तुमची नात ज्या कारणानं गेली, ते कारण तिच्या रक्तात जन्मापासून होतं. आम्ही ते आता यंत्रावर पाहिलंय. माझ्या बहिणीनं तिला त्या घरी नेलं म्हणून ती गेली नाही. पण तुम्ही दोन वर्षं तिच्याशी एक शब्द न बोलता, जणू तिनंच पोर मारली असं तिला वागवलंत. सगळं खापर तिच्या डोक्यावर फुटलं आणि तुम्ही बघत राहिलात. एका आईचे असे हाल दुसऱ्या आईनं करावेत, याचं मला आश्चर्य वाटतं.

आता निदान एवढं करा. तुमच्या मुलाला रक्त द्यायला सांगा. यातलं निम्मं तुमच्या घरातलं आहे. माझी बहीण पोटुशी आहे. तिला पुन्हा त्यातून जायला लावू नका.


३० मार्च

ताई,

हे काय करून बसलीस?

सासूबाईंना वाचता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. आजवर त्यांच्या नावानं कुणाचं पत्र आलं नव्हतं. त्यांनी ते दोन्ही हातांत धरून ह्यांच्यापुढे केलं. हे मोठ्यानं वाचायला लागले. मी शेगडीपाशी होते, पहिल्या ओळीला कळलं की हे तू लिहिलंयस, पण तोवर उशीर झाला होता. हे वाचत गेले. "माझ्या बहिणीनं तिला त्या घरी नेलं म्हणून" इथवर आले आणि सासूबाई म्हणाल्या, "थांब."

हे थांबले.

"तिनं नाही नेलं. मी नेलं."

हे कागदाकडेच बघत राहिले. सासूबाई म्हणाल्या, "ही नळावर गेली होती. मी गल्लीच्या टोकाला माझ्या मैत्रिणीकडे निघाले, तर पोर मागे लागली. कडेवर घेतली. तिथे पोरं फोड घेऊन झोपली होती, ते मी बघितलं. म्हटलं, आपल्या वेळी सगळ्यांना व्हायच्याच. बसले तिथं. गप्पा मारत बसले."

ताई, मला हे पहिल्यापासून माहीत होतं. चिऊ गेली त्या दिवशी ह्यांनी विचारलं, "तिला त्या घरी कोणी नेलं?" सासूबाईंचं तोंड उघडलं, पण आवाज निघेना. ते माझ्याच्यानं बघवलं नाही. मी म्हटलं, "मी." विचार करून नाही म्हटलं. नंतर वाटलं, बायकोला नवरा कधी ना कधी पदरात घेईल, आईला हा कधीच माफ करणार नाही. त्यांची ती मैत्रीणही गप्प राहिली. आणि एकदा म्हटलं की मागे कसं घ्यायचं? तू त्यांची पाठ पाहिलीस. त्यांना माझ्याकडे तोंड करवत नव्हतं, एवढंच होतं ते.

ह्यांनी पत्राची घडी घातली. मला म्हणाले, "आणि तू मला तुझ्याकडे तसं बघू दिलंस? दोन वर्षं?" मग आईला म्हणाले, "मला तुझं तोंड बघायचं नाही."

सकाळी त्या कपड्यांचं गाठोडं घेऊन निघाल्या. मी दारात आडवी उभी राहिले. "सूनबाई, हो बाजूला," म्हणाल्या. दोन वर्षांत माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. आता गल्लीच्या टोकाला, त्याच मैत्रिणीच्या घरी राहतात. तिथे भांडी घासतात. रक्ताचा विषय काढायची माझी हिंमत नाही.

धाकटी


८ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले, पेन उचलवत नव्हतं. मी एका बाईची पाठ पाहिली आणि पाठीवरून बाई ठरवली. तुला विचारलंही नाही. बहीण म्हणून तुझी बाजू घ्यायची घाई होती मला, आणि तुझ्या घराचे दोन तुकडे करून ठेवले.

त्यांना माझा निरोप दे, की चुकले. नको, देऊ नकोस. निरोपानं भागण्यातलं नाही हे.

भाऊजी तुझ्याशी कसे वागतात तेवढं कळव. आणि उन्हाळा लागतोय. कांजिण्या आता घरोघर फिरतील. टिल्लूच्या गोळीवर लक्ष ठेव.

ताई


२१ मे

ताई,

हे माझ्याशी बरे वागतात. फार बरे. पाण्याची बादलीसुद्धा उचलू देत नाहीत. त्यानं मला जास्त अवघडल्यासारखं होतं. आईचं नाव मात्र काढायचं नाही. त्यांच्या वाटणीचं ताट मी पानानं झाकून टिल्लूबरोबर पाठवायची, तेही ह्यांना दिसत असून न दिसल्यासारखं.

गेल्या आठवड्यात त्या घरात कांजिण्या निघाल्या. मैत्रिणीच्या धाकट्या नातीला. मला पत्ता नव्हता. दुपारी माझा डोळा लागला आणि टिल्लू आपला आपण आजीकडे गेला.

मी जाऊन पोचले तेव्हा हे भट्टीवरून परत येता येता त्या दारापाशी उभे होते. टिल्लू दारावर मुठी आपटत होता. रडून रडून आवाज बसला होता. "आजी, दार उघड. आजी, मी आहे." आतून कडी घातलेली. आत त्या आहेत हे कळत होतं, दाराखालच्या फटीत त्यांची सावली दिसत होती.

हे ओरडले, "आता नातवालाही आत घेत नाहीस?"

आतून त्या म्हणाल्या, "घरात कांजिण्या आहेत. त्याला ने इथून. आधी ने, मग काय बोलायचं ते बोल."

टिल्लू परत म्हणाला, "आजी, उघड ना." शेजारीण मला म्हणाली, "कधीचं चाललंय. आम्ही म्हटलं, एकदा तोंड तरी दाखव पोराला. तर म्हातारी दाराला पाठ लावून बसली, हूं की चूं नाही."

ह्यांनी टिल्लूला खांद्यावर टाकलं आणि घरी आले. जेवले नाहीत. अंधार पडल्यावर म्हणाले, "तुझ्या ताईला काय हवंय? माझं रक्त ना? घ्या म्हणावं." मग म्हणाले, "आईचंही लागेल का?"

टिल्लूच्या अंगावर अजून काही नाही. दिवसातून चारदा उघडा करून बघते. सोमवारी हे आणि सासूबाई तुझ्याकडे यायला निघतील. एकाच गाडीनं, पण बोलत नाहीत. तेवढं सांभाळून घे.

धाकटी


१४ जून

धाकटे,

दोघं आले तेव्हा मी फाटकावर उभी होते. भाऊजी पुढे, सासूबाई चार पावलं मागे. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी खांदे धरून उठवलं. "पत्र तू लिहिलंस ना? बरं लिहिलंस. कुणीतरी लिहायलाच हवं होतं." ज्या गोष्टीसाठी महिनाभर वाक्यं जुळवत होते, ती त्यांनी मला बोलूच दिली नाही.

रक्त मीच काढलं. सासूबाईंचा हात इतका सुकलाय की शीर शोधायला वेळ लागला. सुई आत असतानाच त्यांनी विचारलं, "यात ते दिसेल का? माझ्याकडून आलं की ह्याच्या वडिलांकडून?" मी म्हटलं, दिसेल. "मग जे दिसेल ते सांग," म्हणाल्या. "मला आता काही लपवलेलं नको."

निकाल आलाय. भाऊजींच्या पेशी तुझ्यासारख्याच, निम्म्यानं चमकतात. आणि सासूबाईंच्याही.

म्हणजे त्यांच्याकडून भाऊजींना, भाऊजींकडून पोरांना. होणाऱ्या बाळालाही ते असण्याची शक्यता चारात एक. बाळ झालं की नाळेचं रक्त पाठव, दवाखान्याला मी कळवून ठेवते.

सासूबाईंना कसं सांगू? सासरे हयात नाहीत. त्यांच्यावर ढकललं तर कुणाला कळणार नाही, बिचाऱ्यांना काही फरकही पडणार नाही. एकदा न विचारता लिहिलं, त्याचं काय झालं ते पाहिलं. म्हणून या वेळी तुला विचारते. तू म्हणशील तसं.

ताई


१६ सप्टेंबर

ताई,

तुझ्या जूनच्या पत्राला आता उत्तर देतेय. इतके दिवस मीही ते सांगायचं टाळलं. म्हटलं, बाळ नीट निघालं तर त्या आनंदात सांगू, म्हणजे कडू लागणार नाही. मुलगी झाली, आणि परवा तिच्या नाळेचं रक्त तपासून तू फोनवर म्हणालीस, "धाकटे, हिच्याही चमकल्या नाहीत गं," तेव्हा ती पळवाट बंद झाली.

काल हिला घेऊन गल्लीच्या टोकाला गेले. त्या घरात आता आजार नाही, तरी सासूबाईंनी कोपरापर्यंत हात धुतले आणि लांबच बसल्या. मी म्हटलं, "निकाल कळलाय. तुमच्याकडून ह्यांच्याकडे आलंय."

त्या जमिनीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "म्हणजे चिऊला मी आधीच..."

"निम्मं माझं आहे," मी म्हटलं. "निम्म्यानं काही होत नाही. तुम्ही एवढ्या म्हाताऱ्या झालात, मी धडधाकट आहे. आपली दोघींची निम्मी तिच्यात एकत्र आली. आणि मला आधी कळलं असतं तरी मी तिला जन्म दिला असता."

सासऱ्यांचं नाव मी घेतलं नाही, ताई. मी एकदा दुसऱ्याचं माझ्या अंगावर घेतलं, आणि त्यानं दोन वर्षं दोघींना मुकं केलं. पुन्हा तेच मेलेल्या माणसाच्या नावानं नको वाटलं.

मग त्यांनी विचारलं, "हिचं?"

"हिलाही तेच."

त्या रडल्या नाहीत. उठून पुन्हा हात धुतले, आणि म्हणाल्या, "दे इकडे." हिला मांडीवर घेऊन किती वेळ तिचा चेहरा बघत बसल्या. हिची हनुवटी चिऊसारखी आहे, हे दोघींनाही दिसत होतं. मग आत जाऊन गाठोडं बांधलं.

हे घरी होते. दारात उभे. आईला माझ्यामागून येताना पाहिलं आणि बाजूला झाले. बोलले काही नाहीत, अजूनही बोलत नाहीत. पण बाजूला झाले. आज सकाळी टिल्लूची गोळी सासूबाईंनीच दिली आणि त्यानं गिळली की नाही ते तोंड उघडून पाहिलं.

हिलाही डॉक्टरांनी पातळ औषध सुरू केलंय. तुमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते मी लक्षात ठेवलंय, की औषधावर अशी पोरं मोठी होतात, सगळी नाही, पण होतात.

चिऊचं नाव ती जन्मायच्या आधीच ठरलं होतं. हिला अजून नाव नाही. हे म्हणतात, बघू. सासूबाई म्हणतात, होईल सावकाश. कुणी विषय काढत नाही आणि का काढत नाही ते सगळ्यांना कळतं. मला ते सहन होत नाही. तू मोठी आहेस, तू एक सुचव. लाडाचं नको. म्हातारीलाही शोभेल असं सुचव.

धाकटी